औषधाआधी बांबू

कचारगडचा सालेकसा तालुका काय, सारा गोंदिया जिल्हा काय, हा मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा मुलूख. रोहू-कटला अंग घासू लागले की पहिला विचार औषधाचा होतो. माझ्या मते आधी मासा हातात घ्यावा. परांच्या बुडाशी पाच-सहा मिलिमीटरची चपटी, पारदर्शक टिकली सरकताना दिसली, तर ती माशाची ऊ, आर्ग्युलस. खवल्यातून दोऱ्यासारखं टोक लोंबत असेल, तर तो लर्निया हा दुसरा परजीवी. औषधानं उवा झटपट मरतात, हे खरंच. पण आर्ग्युलसची मादी अंडी माशावर घालत नाही. दगड-काठ्यांवर ओळीनं चिकटवते, आणि औषधाला ती सहसा दाद देत नाहीत. कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत नवी पिल्लं तयार! शिवाय त्याच पाण्यावर गुरं आणि धान.

मग अंडी वाळवायला तलाव आटवावा? धानाचं काय, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून बांबू: पाण्यात रोवायचे, आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवायचे, की चिकटलेली अंडी सुकतात. उवा यानं समूळ जाणार नाहीत, पण पुढची पिढी रोडावते. तरीही औषध लागलंच, तर मत्स्य अधिकाऱ्यांना विचारून, आणि अंडी फुटल्यावर पुन्हा एकदा.