पैसे घ्यायला पिन लागत नाही!

जुना मोबाईल, दुचाकी, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आपण ओएलएक्स किंवा फेसबुकवर विकायला टाकतो. अकोले असो की जामखेड, गावात गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून लांबच्या माणसाचा फोन आला की आपल्याला बरे वाटते. भामटे याचाच फायदा घेतात.

त्यांची पद्धत ठरलेली असते. समोरचा स्वतःला लष्करातील जवान म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि घासाघीस न करता सौदा पक्का करतो. मग क्यूआर कोड पाठवून सांगतो, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." प्रत्यक्षात पैसे आपल्याच खात्यातून जातात. यूपीआयमध्ये पैसे देण्यासाठी पिन लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. एवढे आपण पक्के लक्षात ठेवू.

काही जण पैसे पाठवल्याचा बनावट मेसेज दाखवून 'चुकून जास्त आले, उरलेले परत करा' म्हणतात. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम स्वतः पाहिल्याशिवाय वस्तू पाठवू नये, रुपयाही परत करू नये. कुरिअरच्या नावाने आगाऊ पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

तरीही फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला कळवावे. तक्रार लवकर झाली तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येऊ शकते. अनेक तरुण लाजेने गप्प बसतात आणि तीच वेळ हातची जाते. म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे : फसलेल्याला हसू नका, त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा.