उतरायचं कुठं?

प्रवासाचा बेत ठरला की आपल्या घरात पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो. तो असतो, ‘उतरायचं कुठं?’ पूर्वी याचे उत्तर सोपे होते. सोलापूरला मावशी, हैदराबादला काका, पुण्यात कोणाचा तरी मेहुणा. सतरंजी अंथरली की दहा जण झोपत. आता शहरातले नातेवाईक दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात, दोघेही नोकरीला जातात. त्यांच्याकडे चौघांनी जाऊन उतरणे आपल्यालाच अवघड वाटते. लॉज घ्यावा तर दोन रात्रींचे भाडे रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त होते. मग पुष्कळ घरांत सहल रद्द होते. मधला मार्ग मात्र आहे आणि तो आपल्या भागाला नवा नाही.

शब्द एक, अर्थ तीन

आपण दोन भाषांत वावरणारी माणसे. मराठीत ‘वसतिगृह’ म्हटले की विद्यार्थी डोळ्यांपुढे येतात. कन्नडमध्ये ‘वसति गृह’ अशी पाटी दिसली तर ते बहुधा लॉज असते. मुलांचे ते ‘विद्यार्थी निलय’. आता ‘हॉस्टेल’ या शब्दाला तिसरा अर्थ आला आहे : प्रवाशाने खोली न घेता मोठ्या दालनातली एक खाट भाड्याने घ्यायची. स्नानगृह सामायिक, सामानाला कुलपाचे कपाट. २०१३ पासून ‘झोस्टेल’सारख्या कंपन्यांनी आपल्या देशात हा प्रकार रुजवला. गोवा आणि गोकर्णला जाणारी तरुण मुले अशाच ठिकाणी राहतात.

या कल्पनेचा जनक एक शाळामास्तर होता, हे आम्हा शिक्षकांना सुखावणारे आहे. जर्मनीचे रिचर्ड शिरमान १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पाऊस आला आणि सर्वांनी एका गावच्या शाळेत रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग त्यांत प्रवासी मुलांना का राहू देऊ नये, असे त्यांच्या मनात आले. त्यातूनच १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातले पहिले कायमचे युवा वसतिगृह उभे राहिले.

आपली जुनी दारे

शिरमान यांच्या कितीतरी आधी आपल्याकडे ही सोय होती, फक्त नावे वेगळी होती. भालकीहून तासाभरावर बसवकल्याण. बाराव्या शतकात बसवण्णांनी तेथे दासोहाचा विचार दिला. आलेल्याला जेवू घालणे हा उपकार नव्हे, ती आपली कमाई समाजाला परत करण्याची रीत आहे. दुसऱ्या बाजूला बिदरचा गुरुद्वारा नानक झिरा साहिब. तेथे लंगर आहे आणि यात्रेकरूंच्या मुक्कामाची सोयही. नांदेडच्या हुजूर साहिबला तर यात्री निवासच आहेत. गाणगापुरात मराठी घरांतले भक्त पिढ्यान्‌पिढ्या पुजाऱ्यांच्या घरी उतरत आले. शेगावचे भक्तनिवास स्वच्छतेसाठी ओळखले जाते, तर तिरुमलेला मोफत दालने आणि कुलपाची कपाटे आहेत.

रेल्वेच्या विश्रांतिकक्षांचाही पुष्कळांना विसर पडतो. मोठ्या स्थानकांवर खोल्यांबरोबर सामायिक दालनात खाटाही मिळतात. प्रवासाचे निश्चित तिकीट असले की पीएनआर क्रमांकावर आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून आरक्षण करता येते. पहाटेची गाडी असेल तर यासारखी सोय नाही.

दार कोणासाठी?

परंतु स्वस्त मुक्कामाची गोष्ट केवळ पैशांची नाही. खिशात पैसे असूनही दार उघडत नाही, हा अनुभव या देशात कितीतरी जणांनी घेतला. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तेथून निघायला लावले. १९३४ मध्ये ते सहकाऱ्यांसह निजामाच्या राज्यातील दौलताबादला गेले. तेथे हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर आला. ते राज्य आपलेच होते, भालकीही तेव्हा त्यातच होती.

याच्या उलट गाडगेबाबा. स्वतः झाडाखाली झोपणाऱ्या या माणसाने लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. ज्यांना पंढरपुरात कोणी ओसरीवरही उभे करत नव्हते, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आपल्या भागातून उपचारांसाठी मुंबईला जाणाऱ्या कुटुंबांनी हे नाव लक्षात ठेवावे. महिना-महिना चालणाऱ्या उपचारात औषधाइतकाच खर्च राहण्याचा होतो.

आजही सर्व दारे सारखी उघडत नाहीत. काही भक्तनिवासांत एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत. लॉजवर आडनाव ऐकून ‘जागा नाही’ म्हणणारे आहेतच. परीक्षेला एकटी निघालेली मुलगी असेल तर घरात सर्वांनाच घोर लागतो. अशा मुलींनी आधी फोन करून मुलींसाठी स्वतंत्र दालन आहे का, हे विचारावे. मुंबईत वायडब्ल्यूसीएसारख्या संस्थेचे अतिथिगृहही आहे. ‘मुलगी एकटी कुठे राहणार?’ म्हणून परीक्षा बुडवू नये.

निघण्यापूर्वी

प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ असू द्या. एक चादर, टॉवेल, लहान कुलूप आणि विजेरी घ्या. रात्री दार किती वाजता बंद होते, हे आधी विचारा. गुरुद्वाऱ्यात डोके झाकावे लागते, तंबाखू व मद्य चालत नाही. सुपारी-जर्द्याची पुडी खिशात असणाऱ्यांनी ती घरीच ठेवावी. आरक्षण फक्त संस्थानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. तीर्थक्षेत्रांच्या मुक्कामाच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालतात, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर विभागाने २०२५ मध्ये दिला होता. कोणी फोनवरून आगाऊ पैसे मागितले तर थांबा.

आणि मोफत मिळाले म्हणून ते कोणाचेच नाही, असे समजू नका. निघताना खोली झाडावी, ताटात अन्न टाकू नये, ऐपतीप्रमाणे दान देऊन पावती घ्यावी. पुढच्या कुटुंबाला ती खाट मिळते ती आधीच्याने नीट ठेवली म्हणून.

शेवटी एक सूचना. बिदरचा किल्ला, महमूद गवानचा मदरसा, बसवकल्याण पाहायला लांबलांबच्या शाळांच्या सहली येतात. गरीब शाळांना मुक्कामाचा खर्च झेपत नाही, म्हणून मुले एका दिवसात धावतपळत पाहून परततात. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत आपल्या शाळा, समाजमंदिरे आणि मंगल कार्यालये रिकामी असतात. चार सतरंज्या, पिण्याचे पाणी, स्वच्छ संडास आणि रात्री जागणारा एक माणूस, एवढे केले तरी पन्नास मुलांची सोय होईल. गावातल्या युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी याचा विचार करावा. आजवर आपण दुसऱ्यांच्या दारात उतरलो, आता आपलीही दारे उघडू या. मात्र उघडताना आत येणाऱ्याची जात, धर्म किंवा भाषा विचारू नये.