बिडी सुटली, पण चिलीम?

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून शिरढोण सर्वांना ठाऊक आहे. मुंबई-गोवा महामार्गालगतचे, कर्नाळ्याच्या वाटेवरचे हे गाव. पनवेल जवळ असल्याने छातीत दुखू लागलेल्या माणसाला दवाखाना गाठणे येथे फारसे अवघड नाही. अवघड असते ते दुखणे वेळेत ओळखणे. आणि माणूस गांजा ओढणारा असला तर विचारूच नका.

हृदयविकार निघाला की डॉक्टर बिडी-सिगारेट बंद करायला सांगतात. काही जण ती खरोखर सोडतात. चिलीम तेवढी चालू राहते. "झाडपालाच तर हाय, त्यानं काय होतंय?" तंबाखू तरी काय कारखान्यात उगवते?

गांजाचे झुरके घेतल्यावर काही मिनिटांतच नाडी जोरात चालते. धडधडणाऱ्या हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड नेमका तोच कमी करतो. धडधाकट माणूस हे बहुधा सोसतो. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्याला ते झेपत नाही. १९७४ साली अमेरिकेत छातीत कळ येणाऱ्या दहा रुग्णांना गांजा ओढायला देऊन व्यायाम करवला, तेव्हा कळ जवळजवळ निम्म्या वेळातच आली. तिथल्याच ३,८८२ रुग्णांच्या २००१ च्या पाहणीत, ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका ४.८ पट दिसला. त्या तासात ओढलेले रुग्ण मोजकेच होते, म्हणून आकडा फार ताणू नये. पण रोख स्पष्ट आहे.

खरी गोची पुढेच. धडधड, घाम, घाबरेपणा ही नशेचीही लक्षणे आणि झटक्याचीही. घरचे म्हणतात, "चढलीय त्याला. लिंबू द्या, झोपू द्या, उतरंल." त्यात मोलाचा वेळ जातो. छातीवर दाब, हातात वा जबड्यात कळ, थंड घाम असेल तर नशा उतरायची वाट पाहू नये. रुग्णाला बसवून ठेवावे, चालवू नये, १०८ ला फोन लावावा.

दवाखान्यातही गांजाचे नाव निघत नाही. १९८५ च्या कायद्याने तो गुन्हा, म्हणून पोलिसांची धास्ती. पण रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा जोर गांजाने वाढून रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना हे कळलेच पाहिजे. घरच्या बाईला बहुधा सारे माहीत असते. तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितले तरी चालेल. महाशिवरात्रीची भांगही सांगावी. तिला धूर नसतो, पण नाडी तीही वाढवते. फक्त जरा उशिराने.