दोन तासांत एक फेरी

मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात रोपवाटिकांमधून हॉप्सचे कंद विकायला येतात. पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांबीचे तपकिरी तुकडे. बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सचा सगळा पसारा यातूनच उभा राहतो. आलं-हळदीप्रमाणे हेही जमिनीखालचं खोडच, म्हणून त्याला डोळे असतात. तुकडा आडवा ठेवून वर दोन-तीन बोटं माती ओढली, की काही आठवड्यांत कोंब डोकं काढतात. दोन-तीन धडधाकट कोंब दोरीवर चढवायचे आणि बाकीचे निर्दयपणे छाटायचे.

बी का पेरत नाहीत? हॉप्समध्ये नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा आणि बिअरसाठी लागतात ती फक्त मादीची फुलं. बी लावलं तर काय निघेल याचा नेम नाही. मादी निघाली तरी तिचे गुण आईसारखे असतीलच असं नाही. कंदाचं तसं नसतं. कॅस्केड ही लोकप्रिय जात १९५६ साली ऑरेगनमध्ये गोळा केलेल्या बियांपैकी एका रोपापासून आली. वर्षानुवर्षं पारखून १९७२ साली ती शेतकऱ्यांच्या हाती दिली गेली. आज परसात कुणी कॅस्केडचा कंद पुरतो, तेव्हा तो त्याच एका मादीचं शरीर पुढे वाढवत असतो. मूळ रोप कधीचंच जगभर पसरलंय, आणि वय मोजायचं तर ते कुठून मोजायचं?

पण मला सर्वांत थक्क करतं ते या वेलाचं चढणं. काकडीला किंवा द्राक्षाला आधार धरायला तणावे असतात. हॉप्सला एकही नाही. मग भर उन्हाळ्यात कधीकधी दिवसाला फूटभर वाढणारा हा वेल आधार शोधतो कसा? चार्ल्स डार्विनने हे निवांत बसून पाहिलं. हॉप्सच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या केंट परगण्यात तो राहत असे. आजारपणामुळे खोलीत अडकून पडला असताना त्याने कुंडीतला हॉपचा वेल जवळ ठेवला आणि रात्रंदिवस त्याच्यावर नजर ठेवली. वेलाचं टोक हवेत गोल फिरत होतं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उबदार हवेत, दिवसा, एका फेरीला सरासरी दोन तास आठ मिनिटं! १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चढत्या वनस्पतींवरच्या निबंधात ही नोंद आहे.

फिरताना टोकाजवळचा भाग दोरीला टेकला, की तेवढा भाग थांबतो. त्याच्या पुढचं टोक मात्र फिरतच राहतं, आणि त्या फिरण्यातूनच दोरीला विळखा पडतो. खोडावरून बोट फिरवलं तर ते खरचटतं, कारण कडांवर बारीक आकड्यांसारखे कडक केस असतात. विळखा घसरू नये म्हणून हे केस दोरीत रुततात. अमेरिकेतल्या मळ्यांत यासाठी श्रीलंकेतून आणलेली काथ्याची दोरी बांधतात. नारळाच्या सोडणाचा खरखरीतपणा या आकड्यांना मानवतो. कुणी हाताने वेल उलट्या दिशेने गुंडाळला, तर तो सुटून येतो.

जूनअखेर दिवस लहान होऊ लागतात आणि वेल उंच होण्याचं सोडून फुलांकडे वळतो. त्याला आधी मोठे दिवस हवे असतात, नंतर आखूड होत जाणारे. ऑरेगनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो, पुण्या-मुंबईत सव्वातेराच्या. त्यामुळे आपल्याकडे वेल पुरता वाढण्याआधीच फुलोऱ्याची घाई करतो. भारतात हॉप्स पिकतात ते थेट हिमाचलमधल्या लाहौलला.

ऑगस्टअखेर फुलांचे शंकू भरतात. एक शंकू मधोमध उभा फाडून पाहावा. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळे, चिकट कण दिसतात. हेच ल्युप्युलिन. कॅस्केडचे कण बोटांवर चोळले तर पपनसासारखा वास दरवळतो. यातली आम्लं बिअरसाठीच्या उकळत्या रसात रूप बदलतात आणि कडू होतात. शिवाय बिअर आंबट करणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना ती वाढू देत नाहीत. शीतकपाट नसलेल्या काळात हा गुण चवीहून मोलाचा होता.

शंकू दाबल्यावर कागदासारखा कुरकुरला आणि पुन्हा फुगला, की तो तोडायला तयार. ताज्या शंकूत सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं. पाच किलो तोडले तर वाळून जेमतेम एक किलो उरतो. पहिल्या वर्षी तर मूठ-दोन मुठीच मिळतात, कारण वेल तेव्हा जमिनीखाली मुळं पसरवण्यात गुंतलेला असतो. वाळवलेले शंकू कुत्र्यांच्या तोंडाला लागू देऊ नयेत. ते त्यांना जीवघेणे ठरू शकतात. परसातल्या हॉप्समध्ये आम्ल नेमकं किती, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. म्हणून घरी बिअर करणारे कडवटपणासाठी विकतचे, मोजून-मापून दिलेले हॉप्स वापरतात आणि आपले हॉप्स उकळीच्या शेवटच्या काही मिनिटांत टाकतात, म्हणजे त्यांचा वास उडून जात नाही.