सुरूचे खांब, विटांचे खण : विश्रामबाग वाड्याची अंगरचना

पुण्यातल्या बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाड्यासमोर उभे राहिले की नजर आधी सज्ज्यावर जाते. ती जाणारच, इतके ते लाकूडकाम देखणे आहे. पण वाडा समजून घ्यायचा तर सुरुवात भिंतीपासून करावी.

पेशवाईतल्या वाड्याचा मुख्य भार लाकडाच्या सांगाड्यावर असतो. खाली घडीव दगडाचे जोते. जमिनीतली ओल लाकडाला चढू नये म्हणून खांब दगडी तळखड्यावर उभा करायचा. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. हा सागवानी सांगाडा उभा राहिला की मधले खण विटांनी भरायचे. या विटा आजच्या विटांपेक्षा पातळ आणि चपट्या. जोडायला चुना, तोही घाण्यात मळून मुरवलेला. भिंती इतक्या जाड की पुष्कळसे खांब त्यांच्या पोटातच लपतात. बाहेरून विटांचे वाटणारे घर आतून लाकडाचे असते. वीट ऊन अडवते, आडोसा देते आणि सांगाड्याला हलू देत नाही.

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. खर्च सुमारे दोन लाख रुपये. शनिवारवाडा १७३२ मध्ये प्रथम उभा राहिला तेव्हा १६,११० रुपये लागले होते. पाऊणशे वर्षांचे अंतर आणि शनिवारवाड्यात मागाहून पडत गेलेली भर हिशेबात धरली, तरी दोन लाख ही रक्कम मोठीच. विश्रामबागेला तट नाही, बुरूज नाहीत. हे राहण्याचे घर. पैसा कुठे गेला याचे उत्तर दर्शनी भागात मिळते. रस्त्यावर झुकलेला सज्जा, खांबाखांबांत लाकडाच्या महिरपी, खाली लोंबणारी केळफुले आणि सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब.

या सुरूच्या खांबांसाठी विश्रामबागेचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. त्यांचे मूळ मोगली. पुण्याच्या कारागिरांनी ते सागात उतरवले आणि इतके आपलेसे केले की पेशव्यांच्या दरबारी वास्तूंची ती ओळखच झाली. शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालातही असेच खांब होते. १७९० साली सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रज वकील मॅलेट याच्याशी तह झाला, याच महालातल्या त्या प्रसंगाचे थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले चित्र प्रसिद्ध आहे. महालाचे वैभव आज अशा चित्रांतूनच पाहायचे, कारण १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतल्या इमारती जळाल्या आणि जोती उरली. चित्रातला खांब कितीही बारकाईने पाहिला तरी सुताराचे हत्यार लाकडाच्या अंगाने कसे फिरले ते कळत नाही. विश्रामबागेत ते कळते.

मग हा वाडा वाचला कसा? माझ्या मते, तो कधी फार काळ रिकामा राहिला नाही म्हणून. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई हरून बाजीरावाने पुणे सोडले. चार वर्षांत, १८२१ मध्ये, दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याने इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या रकमेतला काही भाग पाठशाळेकडे वळवला गेला. कृष्णशास्त्री चिपळूणकर या पाठशाळेचे विद्यार्थी. मोल्सवर्थच्या कोशकार्यातले सहकारी मेजर कँडी यांनी तिची देखरेख केली. पुढे याच परंपरेतून डेक्कन कॉलेज उभे राहिले. कॉलेज गेले तरी वाड्यात शाळा भरत होतीच. विसाव्या शतकात नगरपालिका आली, आणि १९५० नंतर महापालिकेचा कारभारही काही वर्षे इथूनच चालला. अशा वापरात घराला फळ्यांचे आडोसे, खिळे, रंगाचे थर सोसावे लागतात. पण छप्पर गळले तर कोणीतरी तक्रार करते, आणि लाकडाच्या घराला तेवढी जाग पुरते.

१८७९ च्या मे महिन्यात मात्र तीही पुरली नाही. एका रात्रीत पेशव्यांचा बुधवारवाडा आणि विश्रामबाग दोन्ही पेटले. आग मुद्दाम लावलेली होती. बुधवारवाडा गेला. विश्रामबागेचा काही भाग जळाला आणि तो पुढे पुन्हा बांधावा लागला. म्हणून इथली प्रत्येक तुळई बाजीरावाच्या काळातली मानू नये. जुने आणि नंतरचे वेगळे ओळखू येईल अशी नोंद प्रत्येक दालनात लावली, तर पाहणाऱ्याचा आदर वाढेलच.

आता चिंता वाटते ती दुरुस्तीच्या साहित्याची. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, आणि भिंतीत दडलेला सागवानी खांब बाहेर काहीही न दिसता कुजू लागतो. कळते तेव्हा वरचा मजला खचलेला असतो. जुन्या पुण्यातल्या कितीतरी खासगी वाड्यांचे असेच झाले. त्यांचे कोरीव खांब सुटे होऊन जुन्या सामानाच्या बाजारात गेले, आणि विटा भरावात. विश्रामबागेसाठी चुना मळणारा गवंडी आणि सागाचा सांधा जमणारा सुतार पगारावर ठेवायला हवा, आणि त्याच्या हाताखाली शिकणारी पोरेही. दर काही वर्षांनी निविदा काढून हे काम होणारे नाही.