वक्तृत्व व श्रवण

वक्तृत्व व श्रवण : श्रोतृसमुदायापुढे एखादा विषय हेतुपूर्वक, सुसंगतपणे व परिणामकारक रीतीने मांडण्याच्या कलेस ‘वक्तृत्व’ म्हणतात, तर बोलले जात असलेल्याचे लक्षपूर्वक ग्रहण, आकलन व मूल्यमापन करण्याच्या व्यापारास ‘श्रवण’ ही संज्ञा आहे. ऐकू येणे ही शारीरिक क्रिया असून ती झोपेतही पूर्णपणे थांबत नाही. श्रवण मात्र इच्छा आणि अवधान यांवर अवलंबून असते. हे दोन व्यापार वेगवेगळे अभ्यासण्याची प्रथा पडली असली, तरी प्रत्यक्षात ते एकाच क्रियेचे दोन भाग होत. वक्तृत्वावर अडीच हजार वर्षे ग्रंथरचना होत आली. श्रवणाचा पद्धतशीर अभ्यास पश्चिमेत विसाव्या शतकात सुरू झाला. ही विषमता आकस्मिक नाही. बोलणाऱ्याचे यश चारचौघांत दिसते, ऐकणाऱ्याची चूक बहुधा कोणाच्या ध्यानातच येत नाही.

ग्रीक व रोमन परंपरा : वक्तृत्वशास्त्राचा उगम सिसिलीतील सिराक्यूज येथे इ. स. पू. पाचव्या शतकात झाला, असे परंपरा मानते. तेथील जुलमी राजवट उलथल्यानंतर बळकावलेल्या जमिनी परत मिळविण्यासाठी नागरिकांना न्यायसभेपुढे स्वतःच बोलावे लागले. या गरजेतून कोरॅक्स व त्याचा शिष्य टिसिअस यांनी भाषणाचे नियम बसविले. इ. स. पू. ४२७ मध्ये सिसिलीतीलच गॉर्जिअस हा वकील म्हणून अथेन्सला आला आणि त्याच्या अलंकृत भाषणांनी अथेन्सवासीयांस मोहित केले. प्लेटोने त्याच्याच नावाच्या संवादात या विद्येवर कठोर आक्षेप घेतला : वक्त्याला सत्याचे ज्ञान नसले, तरी अज्ञ समुदायापुढे तो जाणकारावरही मात करू शकतो. या आक्षेपाला पूर्णतः समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. ॲरिस्टॉटलने मन वळविण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. श्रोता कोणत्या भूमिकेत बसला आहे, यावरून त्याने भाषणाचे तीन प्रकार केले. पुढील धोरण ठरविणाऱ्यासाठी विचारविनिमयात्मक, घडून गेलेल्याचा निवाडा करणाऱ्यासाठी न्यायसभेतील आणि केवळ प्रेक्षक असणाऱ्यासाठी स्तुतिनिंदापर. म्हणजे या वर्गीकरणाचा पायाच श्रोता हा आहे. नंतरच्या पाठ्यपुस्तकांना याचा बराचसा विसर पडला.

डिमॉस्थिनीझ (इ. स. पू. ३८४–३२२) याने तोंडात खडे धरून उच्चारदोष घालविल्याची कथा प्लूटार्कने दिली आहे. रोममध्ये सिसरो (इ. स. पू. १०६–४३) याच्या काळापर्यंत विषयाची शोधणी, रचना, शब्दयोजना, स्मरण आणि प्रत्यक्ष निवेदन अशी वक्तृत्वाची पाच अंगे स्थिरावली होती. पहिल्या शतकातील क्विंटिलियनने वक्त्याच्या शिक्षणावर बारा भागांचा विस्तृत ग्रंथ लिहिला. श्रवणासंबंधी प्राचीन पाश्चात्त्य ग्रंथ विरळाच. व्याख्याने कशी ऐकावीत, यावरील प्लूटार्कचा तरुणांसाठीचा निबंध हा त्यांतील ठळक अपवाद होय.

भारतीय परंपरा : भारतात ज्ञानसंक्रमण दीर्घकाळ मौखिक राहिल्याने श्रवणाला आरंभापासूनच मानाचे स्थान मिळाले. बृहदारण्यकोपनिषदात श्रवण, मनन व निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे. नवविधा भक्तीतही श्रवण पहिले असून समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास त्यालाच वाहिला आहे. उच्चारणाचे नियम शिक्षाग्रंथांत आढळतात. पाणिनीय शिक्षेत पाठकाचे सहा दोष मोजले आहेत : गाऊन म्हणणे, घाई करणे, मान हलविणे, लिहिलेले पाहून वाचणे, अर्थ न जाणता म्हणणे आणि क्षीण आवाजात म्हणणे. आजच्या सभांत यांपैकी एकही दोष दुर्मिळ झालेला नाही.

वादविद्येत तर वक्ता व श्रोता या दोघांवरही सारखेच उत्तरदायित्व टाकलेले दिसते. न्यायसूत्रांनी चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले : सत्यशोधनासाठी केलेला तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन करणारी ती वितंडा. चरकसंहितेनेही वैद्यांमधील मैत्रीपूर्ण आणि विजिगीषू संभाषणांत असाच भेद केला आहे. न्यायसूत्रांत पराभवाची बावीस निमित्ते, म्हणजे ‘निग्रहस्थाने’, दिली असून त्यांतील दोन येथे विशेष महत्त्वाची आहेत. एखादे विधान तीन वेळा उच्चारूनही सभेला व प्रतिवाद्याला कळले नाही, तर तो ‘अविज्ञातार्थ’ नावाचा बोलणाऱ्याचा दोष. उलट, सभेला कळलेले आणि तीनदा सांगितलेले विधान प्रतिवाद्याला पुन्हा मांडून दाखविता आले नाही, तर ते ‘अननुभाषण’, म्हणजे ऐकणाऱ्याचा पराभव. नीट ऐकले नाही एवढ्याच कारणावरून वाद हरल्याचे घोषित करणारा हा नियम श्रवणाच्या इतिहासात फार मोलाचा आहे. [⟶ न्यायदर्शन].

महाराष्ट्रात कीर्तन, प्रवचन व पुराणकथन यांनी वक्ता आणि श्रोता दोघांनाही घडविले. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधानाची मागणी करून होतो. गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात समुदायाला साधे प्रश्न विचारीत आणि मिळणाऱ्या उत्तरांवर पुढचे निरूपण उभारीत. अक्षरशत्रू श्रोत्यालाही त्यामुळे स्वतःच्या तोंडाने निष्कर्ष काढावा लागे. ही पद्धत दिसते तितकी सोपी नाही. अनपेक्षित उत्तर आले, तर तेथेच वाट बदलावी लागते आणि ते ज्याला नीट ऐकता येते त्यालाच साधते. आधुनिक व्याख्यानाचा प्रघात एकोणिसाव्या शतकात पडला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केले. १८७५ मध्ये न्यायमूर्ती म. गो. रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या व्याख्यानमालांना ती आदर्शवत ठरली. शि. म. परांजपे यांचे उपरोधिक वक्तृत्व, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील प्र. के. अत्रे यांची विनोदाने भारलेली भाषणे आणि नाथ पै यांचे संसदपटुत्व या मराठी वक्तृत्वाच्या भिन्न तऱ्हा होत.

आवाज व सभास्थान : फुप्फुसांतून येणाऱ्या हवेच्या दाबाने स्वरतंतू कंप पावतात व घसा, मुख आणि नासिका यांच्या पोकळ्यांत त्या ध्वनीला रूप मिळते. आवाज पोहोचविण्यासाठी ओरडणे, हा नवशिक्या वक्त्यांचा सार्वत्रिक गैरसमज आहे. ओरडल्याने स्वरांची तीव्रता वाढते, व्यंजनांची त्या मानाने वाढत नाही. आणि शब्दाची ओळख मुख्यत्वे व्यंजनांवर अवलंबून असते. ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतील भेद मागच्या रांगेपर्यंत जायचा, तर महाप्राण स्पष्ट उच्चारावा लागतो, ‘आ’ मोठा करून भागत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची पातळी सु. ६ डेसिबलांनी उतरते. ध्वनिवर्धकाच्या पूर्वी हजारोंच्या सभा झाल्या त्या संथ लय, लहान वाक्ये आणि वाक्यांतील विराम यांच्या बळावर. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँक्लिनने जॉर्ज व्हिटफील्ड या धर्मोपदेशकाचे भाषण ऐकताना चालत मागे जाऊन आवाज कोठवर ऐकू येतो हे पाहिले आणि त्या अंतरावरून तीस हजारांवर श्रोत्यांना तो ऐकू येऊ शकेल, असा हिशेब केला.

बंदिस्त सभागृहात अडचण उलट असते. हार्व्हर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये उघडलेल्या एका व्याख्यानगृहात बोललेले काही समजतच नसे. वॉलेस सेबाइन (१८६८–१९१९) या तरुण प्राध्यापकाने तेथील प्रतिनाद साडेपाच सेकंदांहून अधिक काळ टिकतो असे मोजून दाखविले. तेवढ्या वेळात वक्त्याची बारा-पंधरा अक्षरे एकमेकांवर चढत. बैठकांच्या गाद्या तेथे मांडून त्याने तो कमी केला व त्यातून वास्तुध्वनिकीचा पाया घातला गेला. भाषणासाठी प्रतिनादाचा काळ सु. एक सेकंद असणे इष्ट मानतात. आपल्याकडील फरशी घातलेल्या आणि पत्र्याच्या छपराच्या मंगल कार्यालयांत वक्त्याला दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

रचना : भाषणाची लांबी व त्याचा परिणाम यांचा थेट संबंध नाही. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिझबर्ग येथे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सु. दोन तास बोलले. त्यानंतर लिंकन दोन-तीन मिनिटेच बोलले आणि तेच भाषण टिकले. तथापि संक्षेप हाच गुण असे यावरून ठरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ रोजीचे संविधान सभेतील इंग्रजी भाषण दीर्घ आहे व त्याची बांधणी अभ्यसनीय आहे. आरंभी केवळ हिशेब येतो : मसुदा समिती १४१ दिवस बसली, ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. नंतर श्रेयाची वाटणी : बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांचे नावानिशी ऋण मान्य केले जाते. त्यानंतर आक्षेपकांना क्रमाने उत्तरे दिली जातात. एवढे झाल्यावर, श्रोत्यांचा विश्वास तथ्यांच्या आधारे मिळविल्यानंतर, देशाच्या भवितव्याविषयीची चिंता येते : सनदशीर मार्ग सोडू नका, राजकारणात विभूतिपूजा करू नका, राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्या. हाच इशारा प्रारंभी आला असता, तर तो उपदेश वाटला असता. ॲरिस्टॉटलने सांगितलेली तिन्ही साधने येथे आहेत; शिवाय श्रोत्याने आपले स्वातंत्र्य कोणाही थोर पुरुषाच्या चरणी वाहू नये, असे वक्ता स्वतःच बजावतो. प्लेटोच्या आक्षेपाला वक्त्याकडून देता येण्याजोगे उत्तर असलेच, तर ते या प्रकारचे आहे.

निवेदन : हावभाव, दृष्टी, उभे राहण्याची ढब यांविषयी पुस्तकांत विपुल सूचना असतात, विषयाची पक्की तयारी आणि मोठ्याने केलेला सराव यांपुढे त्यांचे महत्त्व बेताचेच. संपूर्ण भाषण पाठ करण्यापेक्षा मुद्द्यांचे टिपण आणि पहिले व शेवटचे वाक्य निश्चित करणे अधिक उपयुक्त ठरते. सभाभीती अनुभवी वक्त्यांनाही वाटते; पहिल्या काही मिनिटांत ती बहुधा ओसरते. शब्दांचा परिणाम अवघा सात टक्के असून उरलेला आवाजाचा व चेहऱ्याचा असतो, हे व्यवस्थापनविषयक शिबिरांतून हमखास सांगितले जाणारे विधान मात्र दिशाभूल करणारे आहे. ॲल्बर्ट मेहरेबियन यांचे १९६७ मधील प्रयोग सुटे शब्द व त्यांतून व्यक्त होणारी आवडनावड यांपुरते होते. भाषणाला ते लागू करता येत नाहीत.

श्रवणाचे स्वरूप : अमेरिकेतील पॉल रँकिन यांनी १९२६ च्या सुमारास केलेल्या पाहणीत संदेशवहनात जाणाऱ्या वेळापैकी सु. ४५ टक्के वेळ ऐकण्यात जातो, असे आढळले. मिनेसोटा विद्यापीठाचे राल्फ निकोल्स यांनी शेकडो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या. लहानसे भाषण संपल्याबरोबर सरासरी श्रोत्याला त्याचा निम्माच भाग सांगता येतो व दोन महिन्यांनी चतुर्थांश उरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारणही त्यांनी दिले. इंग्रजीत बोलण्याचा वेग मिनिटाला सु. १२५ शब्द असतो, तर विचार त्याहून पुष्कळ वेगाने धावतो. या उरलेल्या अवकाशात मन भटकते. कुशल श्रोता तोच अवकाश आलेले मुद्दे जुळविण्यात, पुरावा तपासण्यात आणि न उच्चारलेले गृहीतक ओळखण्यात खर्च करतो. अवधान एका वेळी एकाच बोलण्याला देता येते, हे कॉलिन चेरी यांच्या १९५३ मधील प्रयोगांत स्पष्ट झाले : दोन कानांत दोन भिन्न संदेश ऐकविले असता, दुर्लक्षित कानातील भाषा बदलली तरी ऐकणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात येत नसे.

श्रवणदोषाचे सर्वांत भीषण उदाहरण विमानवाहतुकीत घडले. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफ विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर होती. नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग कळविला; ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण तीत ‘उड्डाण’ हा शब्द होता. सहवैमानिकाने उत्तरात आपण उड्डाणास लागलो आहोत, अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य उच्चारले. नियंत्रकाने त्याचा अर्थ विमान सज्ज होऊन थांबले आहे, असा घेतला. त्याने ‘ठीक’ म्हणून थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी धावपट्टीवरील अमेरिकन विमानानेही आपण अजून तेथेच असल्याचे कळविले. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळून कर्कश शीळ उमटली आणि डच विमानात ‘ठीक’ एवढेच स्पष्ट पोहोचले. विमान धावू लागल्यावर उड्डाण अभियंत्याने दुसरे विमान बाजूला झालेले नाही काय, असे विचारले. ज्येष्ठ कप्तानाने ठामपणे झाले आहे असे सांगितले. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. प्रत्येकाला जे ऐकण्याची अपेक्षा होती तेच त्याने ऐकले. त्यानंतर ‘उड्डाण’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा, असा दंडक घालण्यात आला, सूचना शब्दशः परत म्हणून दाखविण्याचा नियम अधिक कडक झाला आणि कनिष्ठांची शंका ऐकून घेण्याचे शिक्षण कप्तानांना देण्यात येऊ लागले.

वैद्यकातही असेच आढळते. हॉवर्ड बेकमन व रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७४ भेटींच्या अभ्यासात रुग्णाने तक्रार सांगण्यास आरंभ केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच अडविल्याचे दिसून आले. कार्ल रॉजर्स (१९०२–८७) या मानसोपचारतज्ञाने यावर सुचविलेला उपाय साधा आहे : आधीच्या माणसाचे म्हणणे त्याचे समाधान होईल अशा रीतीने पुन्हा सांगितल्याशिवाय कोणीही आपले म्हणणे मांडू नये. नैयायिकांच्या अनुभाषणाशी त्याचे साम्य उघड आहे. फरक इतकाच, की तेथे निर्णय सभा देत असे, येथे तो प्रतिपक्षच देतो. शाळा-महाविद्यालयांतील वक्तृत्वस्पर्धांत श्रोत्याला गुण नसतात. पण वादसभेत हा एकच नियम लावून पाहिला, तर पहिल्या फेरीत बहुतेक स्पर्धकांना प्रतिपक्षाचे विधान त्याला मान्य होईल असे सांगताच येत नाही आणि दुसऱ्या फेरीपासून टिपणे काढण्याची पद्धत बदलते, असा शिक्षकांचा अनुभव आहे.