प्रतीक्षाकक्षातील रांग व तिचे गणित

नाडीपरीक्षेसाठी सकाळी उपाशीपोटी यावे, असे आपण रुग्णास सांगतो. आठ वाजता आलेला तो रुग्ण साडेदहा वाजता आपल्यासमोर बसतो, तेव्हा तो भुकेलेला, तहानलेला आणि बहुधा रागावलेलाही असतो. क्षुधित व तृषित व्यक्तीची नाडी सम्यक् कळत नाही, हे आपल्याच शास्त्राचे सांगणे. शिवाय प्रतीक्षाकक्षाजवळ स्वच्छतागृह नसेल, तर नवेगान्धारणीय अध्याय पाठ केलेले आपणच त्यास वेगविधारण घडवितो. तेव्हा रांग हा केवळ व्यवस्थापनाचा विषय नसून निदानाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

या विषयाचे स्वतंत्र गणित आहे. डेन्मार्कमधील गणितज्ञ एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करताना १९०९ साली त्याचा पाया घातला. येणारे दूरध्वनी अनियमित, संभाषणांची लांबी अनियमित. मग किती वाहिन्या ठेवाव्यात, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. दूरध्वनीच्या जागी रुग्ण ठेवले की तो आपलाच प्रश्न होतो.

एका रुग्णास सरासरी दहा मिनिटे लागतात, म्हणजे वैद्य तासाला सहा रुग्ण पाहू शकतो, असे धरू. आगमन व तपासणी दोन्ही अनियमित असतील आणि तासाला तीन रुग्ण येत असतील, तर प्रत्येकास सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. पाच येऊ लागले की हीच प्रतीक्षा पन्नास मिनिटांवर जाते. साडेपाच झाले की एकशे दहा मिनिटे! रुग्ण दुपटीहून कमी वाढले, प्रतीक्षा मात्र अकरा पट झाली. क्षमतेच्या काठाशी काम करणाऱ्या वैद्याला वाटते, ‘आणखी एकच तर आहे, घेऊन टाकू.’ त्या एकाचा भार मागच्या सर्वांवर पडतो. (आम्हीही वर्षानुवर्षे असेच घेत आलो.)

दुसरे कारण विषमता. नवीन रुग्णाचे प्रश्नपरीक्षेसह पाऊण तास जातात, जुना पाच मिनिटांत उठतो. दोघे एकाच रांगेत मिसळले की सरासरी तीच राहूनही प्रतीक्षा वाढते. आमच्या चिकित्सालयात एक वृद्ध गृहस्थ केवळ चालू औषध पुढे न्यावयाचे म्हणून दोन तास बसले आणि शेवटची एस. टी. चुकेल म्हणून न दाखविताच उठून गेले. चूक सर्वस्वी आमची होती. त्यानंतर नवीन रुग्णांसाठी आम्ही दुपारची वेळ राखून ठेवली. दुपारी नाडी पाहणे शास्त्रसंमत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून दुपारी इतिहास व इतर परीक्षा, आणि नाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या अर्ध्या तासात, असे आम्ही करतो. बाहेरगावच्या रुग्णास मात्र हे जमत नाही, आणि त्यावर आम्हांस अद्याप उत्तर सापडलेले नाही.

वेळ ठरवून बोलावण्याविषयी इंग्लंडमधील नॉर्मन बेली यांनी १९५२ साली सुचविलेली रीत सोपी आहे. आरंभी दोन रुग्णांना बोलवावे आणि पुढे सरासरी तपासणीच्या अंतराने एकेकास. वैद्यही रिकामा बसत नाही, रुग्णही ताटकळत नाही. अट एकच: वैद्याने स्वतः वेळेवर यावे! जेथे निम्मे रुग्ण पहिल्या एस. टी. ने एकदमच उतरतात, तेथे घड्याळापेक्षा एस. टी. चे वेळापत्रक समोर ठेवणे बरे.

आपली स्थिती जाणण्यास यंत्र लागत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम पुरे. चिकित्सालयात सरासरी बारा जण असतात आणि तासाला सहा बाहेर पडतात, तर प्रत्येकाचे सरासरी दोन तास आपण घेत आहोत. आठवडाभर दर अर्ध्या तासाने माणसे मोजावीत. आकडा पाहून आम्ही तरी चपापलो.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी थोडे. दोन खिडक्यांपुढे दोन रांगा न लावता एकच रांग ठेवावी व जी खिडकी मोकळी होईल तेथे पुढचा जावा. म्हणजे एका किचकट मिश्रणामागे दहा जण अडकत नाहीत. चूर्णे खलून पुड्या बांधावयाच्या असतील, तर चिठ्ठी घेऊन क्रमांक द्यावा आणि किती वेळ लागेल तेही सांगावे. कारण न कळता थांबणे अधिक लांब वाटते, हे डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली मांडले होते. आणि ज्यास अर्धा तास आहे हे कळते, तो तेवढ्यात चार घास खाऊन येतो.